ज्याच्या हाती ससा, तो गुन्हेगार!



दरवर्षी सप्ताह साजरा होतो, हारतुरे होतात आणि व्यासपीठावरून साहेब सांगतात, "आपण सारे एका मोठ्या कुटुंबाची माणसे आहोत." टाळ्या पडतात. त्याच साहेबांच्या टेबलावर त्या दिवशीही कोणाची ना कोणाची चार्जशीट सहीसाठी पडलेली असते. कुटुंबात चार्जशीट कशी असते, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

ही कुटुंबाची भाषा आली कुठून? आम्ही म्हणतो, ती विलायतेतील जमीनदारांच्या वाड्यातून आली. राणी व्हिक्टोरियाचे राज्य १८३७ ते १९०१ असे चालले. त्या काळात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत हजारो एकरांच्या जहागिरी होत्या. मध्ये प्रचंड वाडा, भोवती बाग, त्यापलीकडे शिकारीचे रान. आज टीव्हीवर हे वाडे पुन्हा उभे केले जातात. 'डाउनटन ॲबी' नावाची मालिका २०१० ते २०१५ या काळात जगभर गाजली. तिची कथा व्हिक्टोरियानंतरची, पण माल तोच. चकचकीत चांदीची भांडी, अदबीने वाकणारा बटलर, दयाळू लॉर्डसाहेब आणि समाधानी नोकरचाकर. हे पाहून शिकलेली माणसेसुद्धा म्हणू लागतात, "तेव्हा मालक नोकराला सांभाळून घेत. युनियनबाजीने सगळे बिघडवले."

या म्हणण्याचा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे. परक्या देशाच्या जुन्या गोष्टी उगाळण्याची आम्हाला हौस नाही. पण त्या वाड्याच्या स्वयंपाकघरात जन्मलेला कायदा तिथून रेल्वेच्या रुळावर आला, बोटीत बसून हिंदुस्थानात उतरला आणि आजही आमच्या छातीवर बसला आहे. तो कसा, हे प्रत्येक सभासदाने समजून घेतले पाहिजे.

वाडा आणि मागचा जिना

आधी जमीन कोणाची ते पाहू. १८७३ साली ब्रिटिश सरकारनेच जमीनमालकांची मोजदाद केली. तिच्यावरून जे निघाले ते असे की, सात हजारांहून कमी लोकांच्या हाती देशातील सुमारे चार-पंचमांश जमीन होती. आणि १८९१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या बायका-मुलींची संख्या तेरा लाखांवर भरली. स्त्रियांना त्याहून मोठा रोजगार दुसरा नव्हता. म्हणजे एका टोकाला सात हजार आणि दुसऱ्या टोकाला तेरा लाख. हे ते 'कुटुंब'.

या कुटुंबातील मजुरी काय होती? घरकामावरचे मिसेस बीटन यांचे प्रसिद्ध पुस्तक १८६१ साली निघाले. त्यात नोकरांच्या पगाराचे कोष्टकच दिले आहे. भांडी घासणाऱ्या पोरीला वर्षाला पाच ते नऊ पौंड. एकटीने सगळे घर ओढणाऱ्या मोलकरणीला नऊ ते चौदा पौंड. लक्षात घ्या, हे दरमहाचे आकडे नाहीत, वर्षाचे आहेत. खाणे आणि झोपायला माळ्यावरची खोली मालकाकडून. म्हणून चोवीस तास मालकाचे. आपल्याकडे ड्यूटी-रोस्टर असते, तिथे रोस्टर नव्हते, घंटा होती. मोठ्या वाड्यात स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर ओळीने घंटा टांगलेल्या असत आणि प्रत्येक घंटा वरच्या एकेका खोलीची. घंटा वाजली की पळायचे, मग रात्रीचे बारा वाजलेले असोत की एक.

या वाड्यांना दोन जिने असत. पुढचा रुंद, गालिच्याचा, तो मालकमंडळींचा. मागचा अरुंद, अंधारा, तो नोकरांचा. कोळशाच्या बादल्या, गरम पाण्याचे हंडे, राखेची घमेली आणि पाहुण्यांची घाण सगळी या मागच्या जिन्याने जायची. हेतू एकच. काम दिसावे, काम करणारा दिसू नये. चूल पेटलेली हवी, पेटवणारी पोरगी नजरेस पडता कामा नये. पुष्कळ घरांत नोकराचे नावही त्याचे राहत नसे. मालकाला नवे नाव लक्षात ठेवण्याचा त्रास नको म्हणून येणारा प्रत्येक फुटमन जेम्स नाहीतर जॉन, आणि येणारी प्रत्येक मुलगी मेरी. आईबापांनी ठेवलेले नाव फाटकाबाहेर सोडून यायचे!

पुरुष नोकर ही तर निव्वळ शोभेची वस्तू. १७७७ सालापासून पुरुष नोकर ठेवणाऱ्यावर सरकारचा कर होता, तो १९३७ पर्यंत राहिला. त्यामुळे जितके गडी जास्त, तितकी मालकाची ऐपत मोठी. उंचापुरे, एकसारख्या उंचीचे फुटमन जोडीने निवडीत, जशी बग्गीला घोड्यांची जोडी निवडावी तशी.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'कॅरेक्टर'. कॅरेक्टर म्हणजे जुन्या मालकाने दिलेली वागणुकीची चिठ्ठी. ती असल्याशिवाय दुसरी नोकरी मिळत नसे, आणि ती देण्याचे बंधन मालकावर कायद्याने नव्हते. दिली तर मेहरबानी, न दिली तर पोरगी रस्त्यावर. कोणी पोटासाठी खोटी चिठ्ठी केली तर १७९२ च्या कायद्याने वीस पौंड दंड. भांडी घासणाऱ्या पोरीची चार वर्षांची मजुरी हिशेबात धरा. आमच्याकडे गोपनीय अहवालाच्या भीतीने ज्यांनी वर्षानुवर्षे मान खाली घातली, त्यांना ही चिठ्ठी काय चीज होती हे वेगळे सांगायला नको.

आई मरणाच्या दारी, रजा नामंजूर

आता या कुटुंबप्रेमाचा कोर्टातला पुरावा पाहा. १८४५ सालचा 'टर्नर विरुद्ध मेसन' हा खटला इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत छापलेला आहे. टर्नर ही घरकाम करणारी मोलकरीण. तिची आई एकाएकी गंभीर आजारी पडली, वाचेल असे वाटेना. मुलीने मालकाकडे आईला भेटायला जाण्याची परवानगी मागितली. मालकाने नाही म्हटले. ती तरीही गेली. रात्र आईजवळ काढून दुसऱ्या दिवशी परत आली, तर मालकाने तिला कामावरून काढून टाकले. तिने नोटिशीच्या महिन्याचा पगार मागत दावा केला.

कोर्टाने काय म्हटले? मालकाचा हुकूम कायदेशीर होता, तो तिने जाणूनबुजून मोडला, म्हणून काढून टाकणे बरोबर. दया दाखवणे हा मालकाच्या मनाचा प्रश्न, कायद्याचा नव्हे. खटला खलास!

भावांनो, रजेचा अर्ज हातात घेऊन साहेबाच्या केबिनबाहेर उभा राहिलेला गँगमन, पॉइंट्समन, पोस्टमन आमच्यात कोण नाही? "स्टाफ शॉर्ट आहे, रजा नाही" हे शब्द कोणी ऐकले नाहीत? आज रजेचे नियम आहेत, अपील आहे, पाठीशी युनियन आहे. त्या टर्नरबाईच्या पाठीशी कोणीच नव्हते. फरक मालकाच्या स्वभावात पडलेला नाही. फरक संघटनेने पाडला आहे.

कोणी म्हणेल, सगळे मालक असे नव्हते. खरे आहे. वेल्समध्ये रेक्सॅमजवळ एर्डिग नावाचा वाडा आहे. तिथल्या यॉर्क घराण्याने आपल्या नोकरांची तैलचित्रे काढवून घेतली आणि त्यांच्यावर कवने लिहिली. आज प्रवासी ती कौतुकाने पाहतात. पण १९०७ साली याच घरातील स्वयंपाकीणबाईवर पाचशे पौंडांच्या अफरातफरीचा आळ घालून तिला कोर्टात उभे केले होते, आणि ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. भिंतीवर चित्र लावणारा हात पोलिसालाही बोलावू शकतो. मालकाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवणाऱ्याने एवढे विसरू नये. चांगुलपणा मालकाचा असतो, तो त्याला हवा तेव्हा परत घेता येतो. हक्क आपला असतो.

स्वयंपाकघरातून रुळावर

आता मुख्य मुद्दा. १८३७ साली, म्हणजे राणी गादीवर आली त्याच साली, 'प्रीस्टली विरुद्ध फाउलर' हा निकाल लागला. प्रीस्टली हा खाटकाकडचा नोकर. जास्त माल भरलेली गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड भरपाई दिली होती, ती वरच्या कोर्टाने रद्द केली. न्यायमूर्ती लॉर्ड ॲबिंजर यांनी उदाहरणे कुठली दिली? वाड्यातली! नोकराला भरपाई द्यायची म्हटली तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणून, आचाऱ्याने तांब्याचे भांडे नीट घासले नाही म्हणून मालकावर दावे लागतील, मग मालकांचे कसे होणार, अशी त्यांना चिंता पडली.

ही चिंता वाड्यातच राहिली असती तर आम्हाला काही म्हणायचे नव्हते. पण यॉर्क, न्यूकॅसल अँड बेरिक रेल्वेवर दोन गाड्यांची टक्कर झाली आणि हचिन्सन नावाचा कंपनीचाच कामगार, कंपनीच्याच कामासाठी गाडीतून जात असता ठार झाला. त्याच्या वतीने दावा लागला. एक्स्चेकर कोर्टाने १८५० साली निकाल दिला की, चूक सहकारी नोकराची असेल तर मालक जबाबदार नाही, असा धोका नोकरीत शिरतानाच नोकराने पत्करलेला असतो. पाहा, प्रीस्टलीचा निकाल याच कोर्टाचा, टर्नरबाईचाही याच कोर्टाचा आणि हचिन्सनचाही याच कोर्टाचा. ओलसर अंथरुणाचा न्याय रेल्वेच्या टकरीला लावला! प्रवासी मेला तर भरपाई, गार्ड मेला तर त्याच्या बायकोला काही नाही. ज्या केबिनमनला त्या गार्डने जन्मात पाहिले नाही, त्याच्या चुकीची जोखीम म्हणे त्याने पत्करलेली.

हा अन्याय मोडायला ब्रिटिश कामगारांना शंभर वर्षे लागली. १८९७ साली भरपाईचा कायदा आला तो रेल्वे, खाणी, कारखाने यांसाठी. घरकाम करणाऱ्यांना तो १९०६ साली लागू झाला. 'सहकाऱ्याची चूक' हा मालकांचा बचाव पूर्णपणे रद्द झाला १९४८ साली. आपल्याकडे कामगार भरपाई कायदा १९२३ चा, आणि या बचावाला लगाम घालणारा कायदा १९३८ चा.

शिक्षेचेही तसेच. इंग्लंडमध्ये काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात घालण्याची पद्धत १८७५ साली कायद्याने बंद झाली. हिंदुस्थानात गोऱ्या सरकारने १८५९ साली तोच चाबूक आणला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. लगेच १८६० साली खास रेल्वे, कालवे आणि सरकारी बांधकामांवरील मजुरांसाठी आणखी एक कायदा केला. १८५९ चा कायदा रद्द झाला तो १९२५ साली. तिथे बंद झाल्यावर इथे पन्नास वर्षे! बोरघाटात, थळघाटात ज्यांनी सुरुंग लावून रेल्वेला वाट करून दिली, त्यांच्या नातवंडांनाही तो पुरला.

आणि शब्दाचे काय? १८७१ साली ब्रिटनमध्ये रेल्वे कामगारांची युनियन निघाली, तिचे नाव होते 'ॲमल्गमेटेड सोसायटी ऑफ रेल्वे सर्व्हंट्स'. युनियन काढतानासुद्धा स्वतःला सर्व्हंट म्हणवून घ्यावे लागले. १९०१ साली टाफ व्हेल रेल्वेच्या संपाबद्दल कोर्टाने दंडाला उभे केले ते याच युनियनला. १९१३ साली इतर युनियनांशी एकत्र येऊन 'नॅशनल युनियन ऑफ रेल्वेमेन' झाली, तेव्हा कुठे 'सर्व्हंट' गेला. आपल्याकडे? १९८९ चा रेल्वे कायदा काढून पाहा. आम्ही अजून 'रेल्वे सर्व्हंट'च आहोत. शिस्तीचे नियम १९६८ चे, त्यांचे नावही 'रेल्वे सर्व्हंट्स' नियम. त्यातील १४(२) खाली चौकशीशिवाय बडतर्फी करता येते, आणि १९८५ साली सुप्रीम कोर्टाने तुलसीराम पटेल निकालात हा अधिकार उचलून धरला. टर्नरबाई १८४५ सालीच मेली असे कोणी समजू नये.

राखणदार आणि चोर

आता वाड्याबाहेर रानात जाऊ. जमीनदाराचा मोठा शौक शिकार. फेझंट, तित्तिर, ससे. त्यांच्या राखणीसाठी ठेवलेला माणूस म्हणजे गेमकीपर. फेझंट हे रानपाखरू म्हणायचे, पण ते कोंबडीसारखे पाळून वाढवीत. गेमकीपर अंडी गोळा करी, खुडूक कोंबड्यांखाली ती उबवी, पिलांना उकडलेल्या अंड्याचा चुरा भरवी आणि रात्री जागून राखण करी. ससाणे, घारी, मुंगसासारखी दिसणारी जनावरे, जे म्हणून पिलांवर झडप घालील ते मारून फांदीवर टांगी. तांबडी घार तर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून नाहीशीच झाली. हे सगळे कशासाठी? तर शरद ऋतूत साहेबमंडळींनी ओळीने उभे राहावे, गावच्या मजुरांनी हाकारे बनून झाडी झोडपावी आणि पाळलेली पाखरे साहेबांच्या बंदुकीसमोर उडवावीत म्हणून.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. तिथे उलट होते. ज्याच्या हाती ससा तो गुन्हेगार! १८२८ च्या कायद्याने रात्री शिकार करताना सापडला तर पहिल्यांदा तीन महिने सक्तमजुरी, दुसऱ्यांदा सहा महिने, तिसऱ्यांदा सात वर्षांपर्यंत काळे पाणी. १८३१ च्या कायद्याने दिवसा सशामागे दुसऱ्याच्या जमिनीत शिरला तर दोन पौंडांपर्यंत दंड. वॉरिकशायरच्या शेतमजुराची मजुरी तेव्हा आठवड्याला बारा शिलिंगांच्या आसपास. म्हणजे एका सशापायी तीन आठवड्यांहून जास्त मजुरी. दंड नाही भरला तर तुरुंग. १८६२ साली तर पोलिसालाच अधिकार दिला की, रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा संशय आला तर त्याची झडती घ्या. पोलीस लोकांच्या पैशाचा, पाखरू लॉर्डसाहेबाचे!

आणि न्याय करायला कोण बसे? गावचा जमीनदार किंवा पाद्री. जमिनीची मिळकत असल्याशिवाय जिल्ह्याचा जस्टिस ऑफ पीस होता येत नसे, ही अट १९०६ पर्यंत होती. ज्याचा ससा गेला, त्याच्या शेजारच्या जहागिरीचा मालक न्यायाधीश. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच ताटात जेवणारे.

गेमकीपर स्वतः कोण होता? मजुराच्या घरचाच पोरगा. त्याला राहायला झोपडी मिळे, कपडे, कोळसा, पाहुण्यांची बक्षिसी मिळे. पण ती झोपडी नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की त्याच दिवशी चूलबोळके रस्त्यावर. म्हणून तो आपल्याच गावच्या भुकेल्या माणसावर काठी आणि बंदूक घेऊन धावे. अंधाऱ्या रानात कीपर आणि चोरटे शिकारी एकमेकांची डोकी फोडीत, प्रसंगी जीव घेत. मरणारा मजूर, मारणारा मजूर, फाशी जाणाराही मजूर. लॉर्डसाहेब सकाळी नाश्त्याला ऐकत.

मालकाची ही जुनी युक्ती आहे. दोन मजुरांपैकी एकाला डगला द्यायचा आणि दुसऱ्यावर सोडायचा. १९७४ च्या मे महिन्यातील वीस दिवसांचा संप ज्यांनी पाहिला त्यांना ती नव्याने सांगायला नको. संपकऱ्यांच्या बायकापोरांना रेल्वे क्वार्टरांतून बाहेर काढले, तेव्हा क्वार्टर म्हणजे नोकरीला बांधलेली झोपडीच हे सर्वांना कळले. आणि जे कामावर गेले त्यांना 'लॉयल' म्हणून इन्क्रिमेंट, मुलाला नोकरी. लॉयल हा शब्दही वाड्यातलाच. कामगाराने कामगाराशी बेइमानी केली की मालक त्याला इमानदार म्हणतो.

आयजीच्या जिवावर

या शिकारीचा खर्च कोण करी? त्यात आपलाही वाटा होता. पंजाबचे राज्य इंग्रजांनी १८४९ साली खालसा केले आणि पोरवयाच्या महाराजा दुलीपसिंगांना विलायतेला नेले. त्यांची आणि त्यांच्या नातलग-नोकरांची चार ते पाच लाख रुपयांची वार्षिक पेन्शन हिंदुस्थानच्या तिजोरीवर बसली. १८६३ साली त्यांनी सफोकमधील एल्व्हडेनची सतरा हजार एकरांची जहागीर घेतली आणि तिथे फेझंट-तित्तिरांची अशी राखण केली की मोठमोठे लॉर्ड शिकारीला येऊ लागले. १८७६ साली महाराजांनी एका दिवसात ७८० तित्तिर मारले. ज्याचे राज्य लुटले त्यालाच शिकारीचे खेळणे देऊन गुंतवायचे, आणि खेळण्याची किंमत पंजाबच्या आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

दुसरे उदाहरण. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८१ साली, आपला पहिला फॅक्टरी कायदा झाला, म्हणून आपण त्यांचे नाव आदराने घेतो. त्यांच्याच चिरंजीवांनी १८६७ ते १९२३ या काळात साडेपाच लाखांहून जास्त जनावरे-पाखरे बंदुकीने मारली आणि मोजून वहीत लिहून ठेवली. शेवटी ते मेलेही शिकारीवरच, १९२३ साली. एका माणसाचे सबंध आयुष्य पाखरे मारण्यात जावे, आणि त्यापायी किती गडी, किती हाकारे, किती राखणदार राबावेत! त्यांची मोजणी मात्र त्या वहीत नाही.

तिसरे उदाहरण रेल्वेवाल्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. प्रिन्स ऑफ वेल्सने १८६२ साली नॉरफोकमधील सँड्रिंगहॅमची जहागीर घेतली. शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून तिथली घड्याळे अर्धा तास पुढे ठेवलेली असत. हा 'सँड्रिंगहॅम टाइम' १९३६ पर्यंत चालला. रेल्वेने ज्या देशाला एक वेळ शिकवली, त्याच देशात राजपुत्राच्या फाटकाआत सूर्यही हुकमाने लवकर उगवे. शेजारच्या वोल्फर्टन स्टेशनवर गाडी रेल्वेच्या घड्याळाने येई. आत गेल्यावर घड्याळ साहेबाचे. त्याच जहागिरीतील एक कूळ, लुईझ क्रेसवेल नावाच्या बाई, यांनी १८८७ साली पुस्तकच लिहिले. राजपुत्राची पाखरे आणि ससे उभे पीक कसे खातात आणि कुळाची दाद कशी लागत नाही, हे त्यात सांगितले. इतर कुळांना आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्कसुद्धा १८८० च्या कायद्याने मिळालेला. त्याआधी पीक कुळाचे, आणि ते खाणारा ससा जमीनदाराचा.

झाडाखालची सभा

मग हे मोडले कसे? कोणा लॉर्डसाहेबाला पाझर फुटला म्हणून नव्हे. १८७२ च्या फेब्रुवारीत वॉरिकशायरमधील वेल्सबोर्न गावी एका चेस्टनटच्या झाडाखाली शेतमजूर जमले. बोलणारा होता जोसेफ आर्च, स्वतः मजूर, कुंपणे छाटणारा कारागीर. त्याच वर्षी राष्ट्रीय शेतमजूर युनियन उभी राहिली आणि दोन वर्षांत सभासद ऐंशी हजारांवर गेले. १८७४ साली मालकांनी टाळेबंदी करून युनियनचे कंबरडे मोडले हेही खरे. पण मजूर बोलायला शिकला तो शिकला. पार्लमेंटने शिकार कायद्यांवर कमिटी नेमली, तेव्हा आर्चने तिच्यापुढे साक्ष देऊन सांगितले की, रानातला ससा मजुराला कोणाची मालमत्ता वाटत नाही. १८८४ साली खेड्यातील मजुराला मत मिळाले आणि १८८५ साली आर्च खासदार झाला. मतदारसंघ कुठला? वायव्य नॉरफोक. म्हणजे सँड्रिंगहॅमचा राजपुत्र ज्या मतदारसंघात राहत होता, त्याचा खासदार एक शेतमजूर!

वाड्यातल्या मोलकरणींचे मात्र असे झाले नाही. बहुतेक घरांत एकटी किंवा दुकटी पोरगी. सभा घेणार कोणाशी, दारे बंद. १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा आला, मोलकरणीच्या कार्डावर मालकिणीने तिकिटे चिकटवावीत असे ठरले, तर लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निषेधाची सभा भरली. तिकिटे चाटणार नाही म्हणे! पोस्टातील बंधूंनो, आपले तिकीटसुद्धा मालकिणीच्या जिभेला कडू लागले. कारण त्या तिकिटाने मेहरबानीचा हक्क होत होता.

आजचा हिशेब

आता आपल्या अंगणात पाहू. विलायतेतले वाडे आज सरकारी नकाशावरची प्रेक्षणीय स्थळे झाली आहेत. वाड्याची वृत्ती मात्र गेलेली नाही.

पहिले, बंगला प्यून. साहेबाच्या घरी भांडी घासून, कुत्रा फिरवून, मग कधीतरी रेल्वेत पक्के व्हायचे, ही वाट अनेक गरीब मुलांनी नाइलाजाने धरली. रेल्वे बोर्डाने ऑगस्ट २०२० मध्ये नव्या नेमणुका थांबवल्या. त्याआधी २०१७ साली साहेबांच्या घरी राबणाऱ्या ट्रॅकमनना लाइनीवर परत पाठवा असे फर्मान निघाले होते. तेव्हा वर्तमानपत्रांत तीस हजारांचा आकडा आला होता. लाइनीवर माणूस कमी म्हणून रजा नामंजूर, आणि माणूस कुठे, तर साहेबाच्या बागेत! आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सुरक्षेच्या कामावरचा एकही हात कोणाच्या घरकामाला लागता कामा नये, आणि ज्यांनी असे काम केले त्यांच्या हक्काला धक्का लागता कामा नये.

दुसरे, पोस्टातील ग्रामीण डाक सेवक. पूर्वी त्यांना 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत, २००१ साली 'सेवक' केले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ती पोस्टे नागरी सेवेची पदे आहेत असे सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच म्हटले. तरी त्यांना पगार म्हणायचा नाही, 'कामाच्या वेळेनुसार भत्ता' म्हणायचे. सेवक म्हटले की सेवा मागता येते आणि पगार टाळता येतो. खात्यातील पक्क्या पोस्टमनने हा प्रश्न आपला मानला पाहिजे. नाहीतर एक डगल्याचा आणि एक बिनडगल्याचा, ही वाड्याची विभागणी आपणच चालवतो असे होईल.

तिसरे, घरकाम करणाऱ्या बाया. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कल्याण म्हणजे हक्क नव्हे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही 'घरगुती सेवा' उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवली. १८४५ सालची टर्नरबाई आजही व्याख्येबाहेरच उभी आहे.

आणि हे केवळ सरकारला सांगून भागणार नाही. रेल्वे कॉलनीत, पोस्टल कॉलनीत धुणीभांडी करायला जी बाई येते, तिला आठवड्याची सुट्टी मिळते का? तिची आई आजारी पडली तर तिचा खाडा कापला जातो का? गेटवर लाल बावटा आणि घरात मागचा जिना, हे युनियनच्या सभासदाला शोभत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना जमवून रविवारच्या सुट्टीची मागणी १८८४ साली केली आणि ती १८९० साली पदरात पडली. ज्या मराठी कामगाराच्या आजोबांनी ती सुट्टी मिळवली, त्याच्या घरात काम करणारीला ती मिळू नये काय?

म्हणून आमच्या मागण्या चार. 'रेल्वे सर्व्हंट' हा शब्द कायद्यातून आणि नियमांतून काढून 'रेल्वे कामगार' करा. चौकशीशिवाय बडतर्फी करणारा नियम रद्द करा. ग्रामीण डाक सेवकांना खात्याचे कर्मचारी म्हणून पूर्ण पगार व पेन्शन द्या. घरकामगारांना कामगार कायद्यांच्या व्याख्येत घ्या आणि १८९ व्या कराराला मान्यता द्या. प्रत्येक शाखेने या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत हे ठराव मांडून मंजूर करावेत आणि वर पाठवावेत.

पुन्हा कोणी साहेब व्यासपीठावरून कुटुंबाची गोष्ट काढील, तेव्हा शाखेच्या सेक्रेटरीने उठून नम्रपणे एवढेच विचारावे: साहेब, या घरात जिने किती?

कामगार एकजुटीचा विजय असो!